पाटी मालकाने लावावी

सदाशिव पेठेत राहायचं तर पाटीचं वावडं असून चालत नाही. जिना उतरायला लागावं तर ‘जिन्यात गप्पा मारू नयेत’, बोळात शिरावं तर ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’, कोणाची बेल दाबायला हात उचलावा तर ‘एकदाच दाबावी, घरात माणसे राहतात’. आमच्या मुलांना अक्षरओळखीसाठी अंकलिपी आणावी लागत नाही. नागनाथ पारापासून पेरूगेटापर्यंत एक चक्कर मारून आणलं की पुरतं. बाहेरगावचे लोक या पाट्यांना हसतात. हसोत बापडे. त्यांना पाटी दिसते, पाटीमागचं तत्त्व दिसत नाही. तत्त्व असं, की पाटी मालकाने लावायची असते. दार माझं, म्हणून त्यासमोर काय लावू नये हे मी सांगणार. बेल माझी, म्हणून ती किती वेळा दाबायची हे मी ठरवणार. भाडेकरूने पाटी लावली तर मालक कोर्टात जातो, आणि मालकाने भाडेकरूच्या खोलीवर लावली तर भाडेकरू जातो. दावा पाटीवर काय लिहिलंय याबद्दल नसतोच. ‘लावणारा तू कोण?’ याबद्दल असतो. आमच्याकडे असे दावे तीन तीन पिढ्या चालले. वाडे पडले, दावे उभे राहिले.

हे सगळं सांगायचं कारण, सध्या मीही एका पाटीविरुद्ध उभा आहे. ती नखाएवढी आहे, चंदेरी आहे, इंग्रजीत आहे आणि मी रोख पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या पाठीवर, बरोबर एका स्क्रूच्या डोक्यावर चिकटवलेली आहे. तिचा मराठीत अर्थ: ‘हे फाडल्यास हमी बाद.’ वस्तू माझी. स्क्रू माझा. स्क्रूड्रायव्हरही माझा, तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेला. आणि पाटी मात्र समुद्रापलीकडच्या कंपनीची! तेव्हा माझा प्रश्न साधा आहे. या वस्तूचा मी मालक की भाडेकरू?

वस्तू कोणती ते सांगतो. जमिनीवर उभं राहून छोटी विमानं उडवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. (यांना खेळण्यातली विमानं म्हणायचं नाही. माझा भाचा रागावतो.) त्यांच्या हातात दोन दांड्यांचा, चार-सहा खटक्यांचा एक डबा असतो. तो ट्रान्समीटर. प्रकार तसा जुना आहे. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यातली एक छोटी होडी तारेशिवाय लांबून वळवून दाखवली होती, तेव्हा लोकांना ती जादू वाटली. आज त्यातली जादू गेली आहे आणि तिच्या जागी एक चिप आली आहे. आपण दांडी हलवतो. चिप ती किती हलली ते वाचते आणि विमानाला कळवते. डाव्या दांडीवर बहुधा मोटरचा वेग असतो, उजवीवर विमानाचं वर-खाली आणि डावं-उजवं.

आता भाच्याचं सांगतो. तो आठवीत आहे. जन्मापासून त्याचा डावा हात जरा अधू आहे. त्या हाताने डबा धरता येतो, जेवताना वाटी धरता येते, पण बोटांची बारीक हालचाल जमत नाही. विमानाचं वेड मात्र दोन्ही हातांचं. त्याच्यासाठी मी एक मोटर लावलेलं ग्लायडर घेतलं आणि हा ट्रान्समीटर घेतला. हेतू असा, की मोटर डाव्या दांडीवर ठेवण्याऐवजी उजवीकडच्या एखाद्या खटक्यावर घ्यावी. खटका ओढला की मोटर सुरू, विमान उंच गेलं की खटका बंद, आणि मग उजव्या अंगठ्याने एका दांडीवर आरामात तरंगत राहावं. ग्लायडरवाले धडधाकट लोकसुद्धा असंच करतात. खटका डब्यावर आहे, तार आत आहे, चिपला तो खटका दिसतो. अडचण एकच, कंपनीने चिपमध्ये घातलेल्या प्रोग्रॅमच्या मते मोटर ही डाव्या दांडीचीच. कंपनीच्या सेवाकेंद्राला मी सविस्तर पत्र लिहिलं. मुलाचं वय, हाताची अडचण, खटक्याचा नंबर, सगळं. उत्तर आलं एका ओळीचं: ‘ही सुविधा या मॉडेलमध्ये उपलब्ध नाही.’

या आतल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. हार्डवेअर म्हणजे देह. सॉफ्टवेअर म्हणजे डोक्यात येणारे-जाणारे विचार. आणि फर्मवेअर म्हणजे स्वभाव. जन्मतः मिळालेला, आत मुरलेला आणि चारचौघांत माणसाला अडचणीत आणणारा. आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. माणसाच्या बाबतीत ती खरी आहे. लग्नाला तीस वर्षं झालेला कोणीही सांगेल. पण ट्रान्समीटरच्या बाबतीत औषध निघालेलं आहे.

ते निघालं त्याची गोष्ट मोठी गंमतीची आहे. २०१० च्या सुमारास टर्निजी ९एक्स नावाचा एक स्वस्त ट्रान्समीटर बाजारात होता. देह उत्तम, स्वभाव दरिद्री. थॉमस हुस्टरर नावाच्या एका हौशी गृहस्थाने त्याच्यासाठी नवा स्वभाव लिहिला. एरेझ राविव्ह या दुसऱ्याने तो सुधारला. बर्ट्राँ सोंजिस या फ्रेंच माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यातूनच पुढे ‘ओपनटीएक्स’ उभं केलं, आणि २०२१ साली त्याचीच एक शाखा ‘एजटीएक्स’ या नावाने निघाली. पहिल्या काळात हे औषध पाजायला डबा उघडून चिपच्या पायांना सहा तारा डाख देऊन जोडाव्या लागत, आणि सगळा नवा स्वभाव ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. आज मोबाइलवर येणारं ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूलही त्याहून जड असतं. यातल्या कोणाला कंपनीने पगार दिला नव्हता. सगळा प्रोग्रॅम उघडा. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. आणि पुढे काय झालं? २०१३ साली फ्रस्काय कंपनीने आपला टॅरॅनिस नावाचा ट्रान्समीटर दुकानातूनच ओपनटीएक्स घालून विकायला काढला, आणि तो धडाक्याने खपला. म्हणजे उघडं ठेवल्याने धंदा बुडतो हे म्हणणं याच धंद्याने खोटं पाडलं आहे.

असो. तर मी ती चंदेरी पाटी फाडली. त्याबद्दल मला यत्किंचितही वाईट वाटलेलं नाही. हा लेख ती फाडल्याबद्दल नाहीच. फाडावी का लागली याबद्दल आहे.

पाटी फाडणं हा सोपा भाग. पुढे चार संध्याकाळी जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच माझा मुद्दा आहे.

पहिली संध्याकाळ. चिपला नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार करायचं तर आतल्या दोन ठिपक्यांना धातूने क्षणभर जोडून ठेवून कॉम्प्युटरची वायर लावायची असते. भाचा मोबाइलवरून कृती वाचत होता, मी चिमटा धरून होतो, आणि आतून आवाज आला, “अहो, माझा भुवयांचा चिमटा कुठे गेला?” मी गप्प. शास्त्रीय कामात काही प्रश्न अनुत्तरित राहतात. वायर लावली. कॉम्प्युटर ढिम्म. परत लावली. ढिम्म. दोन तासांनी उलगडा झाला. ट्रान्समीटरच्याच खोक्यात आलेली ती वायर फक्त चार्जिंगची होती. तिच्यात माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नव्हत्या! बाहेरून हुबेहूब इतर वायरींसारखी. आता मला सांगा, स्क्रूवर पाटी लावणाऱ्या कंपनीला वायरीवर ‘ही फक्त चार्जिंगची आहे’ अशी एक पाटी लावता येत नव्हती? जिथे हवी तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे. आमच्या पेठेत अशा माणसाला पाटी रंगवायलाही कोणी दिली नसती.

दुसरी संध्याकाळ. वायर बदलली. कॉम्प्युटरला कोणीतरी आल्याचं कळलं, पण कोण ते कळेना. नव्या सोसायट्यांच्या वॉचमनसारखं त्याचं चाललं होतं: “कोणाकडे आलात? नाव? आधी फोन केला होता का?” अशा वेळी ओळखपत्र लागतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. झाडिग नावाचा एक फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम असतो, तो विंडोजला सांगतो की बाबा रे, पाहुणा ओळखीचा आहे, आत घे. घेतला.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र मी खरोखर चिडलो. नवा प्रोग्रॅम घालण्याआधी जुन्याची एक प्रत काढून ठेवावी, म्हणजे नवा नाही जमला तर जुना परत घालता येईल, ही कोणाही शहाण्या माणसाची रीत. पण चिपमध्ये वाचनबंदीची सोय असते आणि कंपनीने ती लावलेली होती. बंदी उठवता येते. मात्र ती उठवताक्षणी चिप आतलं सगळं स्वतः पुसून टाकते. म्हणजे घरमालकाने म्हणावं, “भिंतीचा रंग बदलायचाय? खुशाल बदला. फक्त आधी वाडा पाडावा लागेल.” आपला प्रोग्रॅम कोणी चोरू नये असं कंपनीला वाटलं तर मी समजू शकतो. पण मला तो चोरायचा नव्हता. मला तो परतीचं तिकीट म्हणून हवा होता. तोच प्रोग्रॅम कंपनीने एका कोपऱ्यात मालकांसाठी ठेवला असता तर तिचं काय गेलं असतं? हे कुलूप चोरासाठी नाही, मालकासाठी आहे. त्याने घाबरून परत फिरावं म्हणून.

भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “मामा, पुसून टाक.” आठवीतल्या मुलांना परतीच्या तिकिटाची फिकीर नसते.

चौथी संध्याकाळ. नवा प्रोग्रॅम शंभर टक्के आत गेल्याचं कळलं, पडदा उजळला, आणि आता सगळं सुरळीत म्हणेपर्यंत विमानाची शेपूट वर करायची दांडी ओढली की मोटरला जाग येऊ लागली. कारण पाहा. कोणती आज्ञा कितव्या क्रमांकाने पाठवायची याचा क्रम प्रत्येक घराण्याचा वेगळा. कोणी मोटर तिसरी मानतं, कोणी पहिली. पानात मीठ कुठे आणि चटणी-कोशिंबीर कोणत्या बाजूला हे आपल्याकडे ठरलेलं असतं, म्हणून डोळे मिटूनही वाढता येतं. इथे प्रत्येक कंपनीचं पान निराळं. क्रम जुळवला, दांड्यांना त्यांचा मध्य शिकवला, मोटर खटक्यावर घेतली, आणि खटका ओढल्यावर ती एकदम न भडकता हळूहळू वेग घेईल अशीही सोय केली. हे सगळं मोटरचा पंखा काढून ठेवून. हे विसरू नका. पंखा फिरू लागला की तो बोट कोणाचं आहे हे विचारत नाही.

या चारही संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका हजर होते. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांचं एकच पालुपद: “अहो, कंपनीने विचार करूनच केलं असेल ना!” माझं भांडण खरं म्हणजे कंपनीशी कमी आणि या वाक्याशी जास्त आहे. तेव्हा काकांचे आक्षेप क्रमाने घेतो.

आक्षेप पहिला, सुरक्षितता. “उद्या ते विमान कोणाच्या डोक्यावर पडलं तर?” प्रश्न रास्त आहे. पण मग विळीवर ‘हमी बाद’चा शिक्का का नसतो? जबाबदारी वापरणाऱ्याची असते आणि ती मी नाकारत नाही. हवेतल्या लहरींना नियम आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ साली ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त झाला. ती मर्यादा मी ओलांडणार नाही, आणि ओलांडणाऱ्याला पकडायला सरकार आहे, कंपनीच्या चिकटपट्टीची गरज नाही. शिवाय गंमत बघा. नवा उघडा प्रोग्रॅम जुन्यापेक्षा जास्त काळजीवाहू निघाला. डबा सुरू करताना मोटरचा खटका चालू राहिला असेल तर तो पडद्यावर तसं लिहितो आणि तिथेच थांबतो. पाटी तोही लावतो. पण तो कारण सांगतो आणि ती बदलायचा अधिकार माझ्याकडे ठेवतो. शिक्षक आणि हवालदार यांच्यात हाच फरक असतो.

आक्षेप दुसरा, हमी. मी बदललेल्या प्रोग्रॅममुळे काही बिघडलं तर कंपनीने फुकट दुरुस्त करावं असं मी म्हणत नाही. पण उद्या दांडीचा सांधा ढिला झाला, तर त्याचा माझ्या प्रोग्रॅमशी संबंध काय? सुनेने स्वयंपाकघरात नवी फळी ठोकली म्हणून गच्ची गळायला लागली, हा न्याय जुन्या वाड्यांतही चालत नव्हता.

आक्षेप तिसरा आणि खरा: “आपल्याला त्यातलं काय कळतं?” काका, कळत नाही म्हणूनच उघडायचं असतं! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. विकायच्या, दुरुस्तही करायच्या. त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते म्हणतात. पण निदान नांगराच्या फाळावर ‘उघडल्यास हमी बाद’ असं तरी नव्हतं. दादासाहेब फाळक्यांच्या घरी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ते विलायती यंत्र सोडून ‘कंपनीने विचार केलाच असेल’ म्हणत दोघं स्वस्थ बसले असते तर आज आपण रविवारी दुपारी काय पाहिलं असतं?

आणि फार लांब कशाला? काकांच्या स्वतःच्या घरी माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्याचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला सर्किटची आकृती चिकटवलेली आहे. त्या काळी रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन सरकारचा परवाना काढावा लागे, पण उघडायला कोणाचा लागत नसे. उलट कंपनीच आतला नकाशा हातात ठेवी. परवाना १९८० च्या दशकात गेला. आता ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही आणि उघडायला मात्र कंपनीची लागते. याला आपण प्रगती म्हणतो.

जगात या प्रश्नावर भांडण करणारे आपण पहिले नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरला आपल्या प्रयोगशाळेतला छपाईयंत्राचा प्रोग्रॅम सुधारायचा होता. कागद अडकला की सगळ्यांना तशी सूचना मिळावी, एवढीच इच्छा. पण त्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्याला देईनात. असल्या अनुभवांनी पेटून त्याने १९८३ साली उघड्या प्रोग्रॅमांची चळवळ सुरू केली. तिने जो परवाना जन्माला घातला, त्याच परवान्याखाली ओपनटीएक्स लिहिलेलं आहे. आमच्या सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं, असे चार विभाग त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. खिडकी उघडली म्हणजे साहेब जागेवर आहेतच असं नाही, हे पुणेकराला सांगायला नको.

मागणी मोठी नाही. कंपनीने आपली गुपितं आपल्याजवळ ठेवावीत. पण मूळ प्रोग्रॅमची एक प्रत मालकाला परतीसाठी द्यावी. दार आतून उघडता येईल असं ठेवावं. आणि उघडल्यावर जे बिघडेल तेवढ्यापुरतीच हमी काढून घ्यावी. एवढं केलं तर आम्ही तिचीच पुढची वस्तू घेऊ. नाही केलं, तर वस्तूची किंमत न म्हणता भाडं म्हणावं आणि दरमहा पावती द्यावी, म्हणजे आम्हाला आमची जागा कळेल. भाडेकरू कसं व्हायचं हे या पेठेला शिकवावं लागत नाही.

भाच्याचं ग्लायडर उडालं. लोहगावच्या हवाई दलाच्या तळापासून लांब, परवानगी असलेल्या एका माळावर. उजव्या हाताने खटका ओढला, विमान उंच गेलं, खटका बंद केला, आणि मग अकरा मिनिटं ते घारीसारखं फिरत राहिलं. डावा हात त्याने खिशात घातला होता. ऐटीत.

काका बरोबर आले होते. ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले, आणि परत येताना गाडीत हळूच म्हणाले, “आमच्या वॉशिंग मशीनच्या पाठीवरही तसलंच काहीतरी चंदेरी चिकटवलंय हो. गेले दोन महिने पाणीच काढत नाही.”